स्त्रीबीज काढणं ही शस्त्रक्रियाच, मग तिची तपासणी कुणी करायची?

प्रश्न : माझ्या भाचीचे आयव्हीएफचे उपचार चालू आहेत. पुढच्या महिन्यात तिची स्त्रीबीजं काढायची आहेत. केंद्र बाजारपेठेतल्या एका संकुलात दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली कापडाचं दुकान. तिथल्या ताईंनी सांगितलं, ‘हे काही ऑपरेशन नाही, सकाळी यायचं, दुपारी घरी.’ पण उपाशीपोटी बोलावलंय आणि भूलही देणार आहेत. मग हे ऑपरेशन धरायचं की नाही? आणि अशा केंद्रातलं थिएटर सरकारतर्फे कुणी येऊन तपासतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : धरायचं. कायदाही तसंच धरतो. सहायक जननतंत्रज्ञानाचा, म्हणजे एआरटीचा कायदा संसदेनं २०२१ मध्ये केला आणि तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या नियमांनी केंद्रांचे दोन स्तर पाडले. पतीचे किंवा दात्याचे शुक्राणू नुसते गर्भाशयात सोडण्याचा उपचार, ज्याला सगळे आययूआय म्हणतात, तेवढाच होत असेल तर ते केंद्र पहिल्या स्तराचं. स्त्रीबीज किंवा शुक्राणू शस्त्रक्रियेनं काढले जात असतील, ते हाताळले, साठवले जात असतील, तर दुसऱ्या स्तराचं. पहिल्या स्तराचं नोंदणीशुल्क ५० हजार रुपये, दुसऱ्याचं २ लाख. तेव्हा ज्या केंद्रात तुमच्या भाचीची स्त्रीबीजं काढणार आहेत ते दुसऱ्या स्तराचं असलंच पाहिजे, आणि नियमांच्या भाषेत ते काम शस्त्रक्रियेचंच आहे. ‘ऑपरेशन नाही’ असं सांगणाऱ्या ताईंचा हेतू धीर देण्याचा असेल, पण पेशंटला खरं सांगून धीर देता येतो.

त्या खोलीत नेमकं काय होतं ते आधी बघू, म्हणजे तपासणीत काय काय बघायला हवं ते आपोआप कळेल.

दहा-बारा दिवस इंजेक्शनं देऊन एरवी महिन्याला एकच बीज पिकतं, तिथं एकाच वेळी अनेक बीजं पिकवलेली असतात. मग एक शेवटचं इंजेक्शन ठरलेल्या वेळी, बहुतेकदा रात्री, देतात आणि त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात. वेळ चुकली तर बीजं आपोआप सुटून जातात, म्हणून या केंद्रांत घड्याळाला फार महत्त्व. स्त्रीला टेबलावर झोपवून शिरेतून भूल देतात. सोनोग्राफीचा प्रोब योनिमार्गात, त्याला जोडलेली लांब सुई. पडद्यावर बीजकोशातल्या पाण्याच्या काळ्या पिशव्या दिसत असतात. योनीच्या भिंतीतून सुई थेट अंडाशयात जाते, एकेक पिशवी रिकामी केली जाते आणि ते पाणी शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंश तापमानाला ठेवलेल्या नळीत येतं. नळी भरली की भिंतीतल्या छोट्या खिडकीतून पलीकडे प्रयोगशाळेत जाते. तिथं भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली बीज शोधतात आणि आकडा मोठ्यानं सांगतात. एक, दोन, पाच. सगळं मिळून वीस मिनिटं, अर्धा तास.

टाका नाही, व्रण नाही. पण सुई जिथं जाते त्याच्या शेजारीच मोठ्या रक्तवाहिन्या, मूत्राशय आणि आतडी असतात. पोटात रक्तस्राव होणं, जंतुसंसर्ग होऊन पू धरणं, फुगलेल्या अंडाशयाला पीळ पडणं, हे सगळं क्वचित होतं, पण होतं. भुलेचे धोके वेगळे. पोटात अन्न असताना उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं, उपाशीपोटी बोलावण्याचं कारण हेच. गाढ झोपेत श्वास मंदावला तर तो ओळखून सावरणारा माणूस शेजारी हवा आणि त्याचं लक्ष फक्त तिथं हवं. सुई हातात असलेल्या डॉक्टरनं ‘भूलही मीच बघतो’ म्हणणं मला अजिबात मान्य नाही. दुसऱ्या स्तराच्या केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत नियमांनी भूलतज्ज्ञ घातला आहे तो याचसाठी.

पूर्वी हे काम याहून जड होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा चावडा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला, त्या काळात बीजं काढायला पोटाला छेद देऊन दुर्बीण घालत. त्यासाठी मोठं थिएटर, पूर्ण भूल आणि रुग्णालयाचा मुक्काम लागे. योनिमार्गातून सोनोग्राफीच्या मदतीनं सुई घालण्याची रीत रूढ झाली आणि सगळा सरंजाम आटोपशीर झाला. रुग्णालयाबाहेर, दुकानांच्या माथ्यावर केंद्रं निघू शकली ती या सुटसुटीतपणामुळे. बाईचे त्यात हालच कमी झाले, हे निर्विवाद चांगलं. पण मोठ्या रुग्णालयात शेजारच्या खोलीत रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग असायचा, तो मात्र मागे राहिला.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. तपासतं का कुणी? तपासतात, आणि एकाहून जास्त जण तपासतात. गोची तिथंच आहे.

एआरटी कायद्याखाली राज्याचं समुचित प्राधिकरण असतं. आरोग्य खात्याच्या सहसंचालकाहून वरच्या दर्जाचा अधिकारी अध्यक्ष, शिवाय एक सहसंचालक, महिला संघटनेची प्रतिनिधी, विधी खात्याचा अधिकारी आणि एक डॉक्टर. नोंदणी देणं, ती रद्द करणं, तक्रारीची चौकशी करणं, जागा आणि कागद तपासणं हे त्यांचं काम. नोंदणी पाच वर्षांची असते. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा अजून चालू आहे. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा आपल्या राज्यानं स्वीकारलेला नाही, त्यामुळे नर्सिंग होम म्हणून नोंदणी होते ती या जुन्या कायद्याखाली, दर तीन वर्षांनी. महापालिका हद्दीत हे काम पालिकेचा आरोग्य विभाग बघतो, म्हणजे तुमच्याकडे सांगली-मिरज-कुपवाडचा. सोनोग्राफी यंत्र गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली नोंदलेलं असतं, त्याचा समुचित प्राधिकारी वेगळा. रक्तानं माखलेल्या नळ्या आणि सुया यांची विल्हेवाट जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत, त्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाची नजर. भुलेत फेन्टॅनिलसारखं औषध वापरलं तर त्याचा हिशेब अंमली पदार्थांच्या कायद्याखाली, तिथं अन्न व औषध प्रशासन. आगीचा दाखला अग्निशमन विभागाचा.

एवढी दारं असताना पोकळी कुठली, असं वाटेल. ती अशी. शुश्रूषागृहाच्या १९४९ च्या कायद्यानं अधिकाऱ्याला आत शिरून जागा आणि नोंदवह्या तपासण्याचा अधिकार दिला, पण त्याच कलमात एक अट घातली: कुठल्याही रुग्णाचे वैद्यकीय कागद तपासण्याचा अधिकार यातून मिळत नाही. त्या काळच्या दृष्टीनं ही रुग्णाच्या खासगीपणाची काळजी होती आणि ती समजण्यासारखी आहे. परिणाम मात्र असा होतो की थिएटर बघायला आलेला माणूस खाटा मोजतो, प्राणवायूचे सिलिंडर बघतो, परिचारिकांची प्रमाणपत्रं बघतो. गेल्या मंगळवारी ज्या बाईला भूल दिली तिचा भुलेचा तक्ता भरला होता का, तिचा रक्तदाब कुणी आणि किती वेळा नोंदवला, हे तो बघू शकत नाही. एआरटीच्या प्राधिकरणाला कागद मागवता येतात. पण त्या कायद्याचा जीव अडकलेला आहे तो संमतिपत्रं, दात्यांचं वय, बीजांची संख्या, भ्रूणांचा हिशेब आणि लिंगनिवड यांत. हे महत्त्वाचंच आहे. फक्त त्यात टेबलावरची ती वीस मिनिटं आणि नंतरचे दोन-तीन तास कुणाच्याच तपासणीत नीट सापडत नाहीत.

हा काल्पनिक धोका नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या वंध्यत्व केंद्रात २०२० मध्ये काय झालं ते पाहा. बीजं काढून घेणाऱ्या बायका टेबलावर कळवळून सांगत होत्या की दुखतंय, भूल लागलेली नाही. त्यांना औषध वाढवून दिलं गेलं, तरी दुखणं थांबेना. कुणाला सांगितलं गेलं की तुमची सहनशक्ती कमी, कुणाला की आता आणखी औषध देता येणार नाही. तिथली एक परिचारिका फेन्टॅनिलच्या कुप्या स्वतःसाठी रिकाम्या करून त्यांत मिठाचं पाणी भरत होती. जून ते ऑक्टोबर या काळात केंद्रात वापरलेल्या फेन्टॅनिलपैकी सुमारे ७५ टक्के भेसळीचं होतं, असं अमेरिकी सरकारी वकिलांनी पुढे सांगितलं. तिला गुन्हा कबूल करावा लागला. औषधाच्या नोंदी आणि साठ्याच्या हलगर्जीपणाबद्दल विद्यापीठानं २०२२ मध्ये ३ लाख ८ हजार २५० डॉलर भरले. जगातल्या नामांकित विद्यापीठाचं केंद्र. तपासणीत कपाटाला कुलूप आहे का हे बघितलं गेलं असेलही. बायका काय सांगत होत्या हे महिनोन्‌महिने एका ठिकाणी कुणी मांडलंच नाही. वेदनेची तक्रार हा पुरावा असतो, हे तपासणी करणाऱ्यांनी शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडे याहून नाजूक जागा आहे ती बीजदान करणाऱ्या मुलींची. तुमची भाची स्वतःची बीजं स्वतःसाठी काढून घेते आहे, तिच्यामागे तुम्ही आहात, नवरा आहे, प्रश्न विचारणारी माणसं आहेत. पैशांच्या गरजेपायी आलेल्या दात्या मुलीमागे बहुतेकदा फक्त दलाल असतो. २०१० मध्ये मुंबईत १७ वर्षांच्या एका मुलीचा बीजदानानंतर मृत्यू झाला आणि ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१४ मध्ये दिल्लीत आणखी एका तरुण स्त्रीचा बीजं काढल्यानंतर मृत्यू झाला. तेव्हा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वं होती, पण ती पाळलीच पाहिजेत असं बंधन नव्हतं. आताच्या कायद्यात दात्री २३ ते ३५ वयाचीच हवी, आयुष्यात एकदाच बीजदान करता येतं, सातपेक्षा जास्त बीजं तिच्याकडून घ्यायची नाहीत, आणि उपचार घेणाऱ्या जोडप्यानं तिचा बारा महिन्यांचा विमा उतरवायचा, असं स्पष्ट लिहिलं आहे. हा मोठा बदल आहे.

पण सातचा आकडा तपासायचा कसा? थिएटरच्या भिंतीवर तो दिसत नाही. मी सांगेन की तपासनिसानं तीन वह्या एका टेबलावर शेजारी शेजारी उघडाव्यात: थिएटरची नोंदवही, भूलतज्ज्ञाचा तक्ता आणि प्रयोगशाळेत भ्रूणतज्ज्ञानं त्या खिडकीपलीकडे लिहिलेला आकडा. तारीख, वेळ, नाव आणि संख्या जुळली पाहिजे. भूलतज्ज्ञाची सही एकाच वेळी दोन केंद्रांत पडलेली असेल तर ती इथं सापडेल. सातच्या वर मिळालेली बीजं दुसऱ्या कुणाच्या नावावर चढली असतील तर तेही इथंच. अशी पडताळणी करायला अर्धा दिवस पुरतो, पण ती करणारा माणूस ही प्रक्रिया जाणणारा हवा. आज अनेक ठिकाणी लसीकरण, डेंग्यू आणि जन्म-मृत्यू नोंदणी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यावरच हेही काम येतं, आणि त्याला दोष देऊन काही होणार नाही. त्याच्यासोबत एक भूलतज्ज्ञ आणि एक भ्रूणतज्ज्ञ पाठवायला हवा.

प्रश्न : परदेशात ही तपासणी कशी होते? आणि तपासणीचा अहवाल पेशंटला बघायला मिळतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ज्या देशात १९७८ मध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं त्या इंग्लंडचं उदाहरण घेऊ. तिथं १९८४ मध्ये वॉर्नॉक समितीचा अहवाल आला, १९९० मध्ये कायदा झाला आणि १९९१ पासून एचएफईए ही स्वतंत्र संस्था केंद्रांना परवाने देते आहे. परवाना साधारण चार वर्षांचा, मध्ये पुन्हा तपासणी. त्याच केंद्रात गर्भाशयाची किंवा बीजनलिकांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होत असेल, तर ती एचएफईएच्या परवान्यात बसत नाही. त्यासाठी सीक्यूसी या रुग्णालयं तपासणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडे नोंदणी लागते. म्हणजे दोन दारांची अडचण त्यांच्याकडेही आहे. पण कुठलं काम कुणाच्या दारात, हे तिथं लिहून ठरवलेलं आहे.

आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा म्हणजे अहवाल. एचएफईएचे तपासणी अहवाल तिच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. केंद्रात काही अघटित घडलं तर ते संस्थेला कळवावं लागतं. इंजेक्शनांमुळे अंडाशय बेसुमार फुगून पोटात आणि छातीत पाणी साचण्याचा जो गंभीर त्रास होतो, तोही त्यात आला. हा त्रास बऱ्याचदा बीजं काढल्यावर काही दिवसांनी, बाई घरी असताना उफाळतो आणि ती भलत्याच रुग्णालयात दाखल होते. म्हणून तो कळवण्याची सक्ती नसेल तर केंद्राच्या वहीत त्याची नोंदच राहत नाही.

आपल्याकडे नोंदणीकृत केंद्रांची यादी राष्ट्रीय एआरटी आणि सरोगसी नोंदवहीच्या संकेतस्थळावर बघता येते. तपासणीत काय आढळलं, कुठली त्रुटी दाखवली, ती दुरुस्त झाली का, हे मात्र तिथं नाही. माझ्या मते सगळ्यांत आधी बदलायला हवं ते हे. नवा कायदा लागत नाही. रुग्णांची नावं वगळून तपासणीचा अहवाल प्रसिद्ध करायला राज्याच्या प्राधिकरणाला कुणी अडवलेलं नाही. तोवर माहितीच्या अधिकारात तो मागता येतो. महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे शुश्रूषागृह म्हणून झालेल्या तपासणीचा आणि राज्याच्या प्राधिकरणाकडे एआरटी केंद्र म्हणून झालेल्या तपासणीचा, असे दोन वेगळे अर्ज करा. एकाच अर्जात दोन्ही मागितले तर तो इकडून तिकडे फिरत राहतो.

सांगलीच्या वाचकांसाठी एवढं आणखी. केंद्रात शिरल्यावर नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं दिसलं पाहिजे, त्यावरचा स्तर आणि मुदत वाचा. भूलतज्ज्ञांचं नाव आधी विचारा, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांनी भाचीला भेटून दमा, ॲलर्जी, आधीची भूल, हलणारा दात याची चौकशी केली पाहिजे. ती तशी झाली नाही तर टेबलावर जाण्याआधी थांबून विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे. रक्तस्राव झाला तर कुठल्या रुग्णालयात नेणार आणि तिथवर किती वेळ लागतो, हेही विचारून ठेवा. चांगल्या केंद्राकडे याचं उत्तर तयार असतं आणि विचारल्याचा राग येत नाही. दुसऱ्या मजल्याचा प्रश्न तुम्ही काढलात तो रास्त आहे: लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, तेवढं डोळ्यांनी बघून या. घरी सोडताना रात्री-अपरात्री लागणारा फोन नंबर लिहून घ्या. पोट फुगत चाललं, धाप लागली, लघवी कमी झाली, ताप आला किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली तर सकाळची वाट बघू नका.

तक्रार करायची वेळ आली तर प्रत्येक केंद्रात तक्रार निवारण कक्ष असणं एआरटी कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं लेखी द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर भूल, स्वच्छता, कर्मचारी, बिल याबद्दलची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे न्या. २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्कांची सनद लावणं केंद्राला आणि तक्रार कक्ष चालवणं स्थानिक यंत्रणेला बंधनकारक केलं आहे. संमती, बीजांची संख्या, दाता, भ्रूण याबद्दलची तक्रार राज्याच्या समुचित प्राधिकरणाकडे. कागदांची चिंता करू नका, एआरटी केंद्राला नोंदी दहा वर्षं जपून ठेवाव्या लागतात. तरी भुलेच्या तक्त्याची आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत त्याच दिवशी, निघण्यापूर्वी मागून घ्या.